जुन्या गाड्यांचे डिस्ट्रिब्युटर कॅप, रोटर आणि टर्मिनल ब्लॉक: बेकेलाईटचं साचेकाम नव्याने करायचं तर

मॅग्नेटो

जुनी शेवरले, फोर्ड, ब्युइक सांभाळणाऱ्यांचं काम सहसा लोखंडापायी अडत नाही. पिस्टन, बेअरिंग, गॅस्केट कुठून तरी बनवून मिळतं. अडतं ते मूठभर काळ्या-तपकिरी भागांवर: डिस्ट्रिब्युटरचा (ठिणगीची वीज पाळीपाळीने सिलिंडरांना वाटणाऱ्या भागाचा) कॅप, त्यात फिरणारा रोटर, कॉईलचं झाकण, मॅग्नेटोची (बॅटरीशिवाय ठिणगीची वीज तयार करणाऱ्या यंत्राची) स्लिप रिंग, डॅशबोर्डमागचा टर्मिनल ब्लॉक, कटआउटची (डायनॅमो थांबला की बॅटरी तोडणाऱ्या स्विचची) बैठक. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीत जोडणीचा कारखाना सुरू केला, त्यामुळे आपल्याकडे त्या काळच्या शेवरले बऱ्याच आल्या. १९२९ पासूनच्या सहा सिलिंडरच्या इंजिनाचा कॅप हेच उदाहरण या धाग्यासाठी समोर ठेवू.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण मटेरियल का बदललं हे कळल्याशिवाय नक्कल नीट होत नाही.

१९०९ च्या आधी गाडीतल्या विजेला अडवायला लाकूड, पोर्सेलिन, अभ्रक, व्हल्कनाइज्ड फायबर, शेलॅकची मिश्रणं आणि मुख्य म्हणजे एबोनाईट हेच होतं. फोर्ड मॉडेल टीच्या चार कॉईल लाकडी पेटीत बसत. पेटीचं लाकूड दमट झालं की करंट लाकडातूनच वाट काढी. हाय टेन्शन मॅग्नेटोचे डिस्ट्रिब्युटर आणि स्लिप रिंग एबोनाईटच्या असत.

बेकेलाईटचे जनक लिओ बेकेलँड यांनी १३ जुलै १९०७ रोजी ‘उष्णता आणि दाब’ या पेटंटचा अर्ज केला, ते ७ डिसेंबर १९०९ रोजी मंजूर झालं. १९१० मध्ये जनरल बेकेलाईट कंपनी उभी राहिली. नेमकी हीच वर्षं डेटन, ओहायो इथे चार्ल्स केटरिंग यांच्या डेल्को कंपनीची. १९१० च्या कॅडिलॅकला त्यांचं बॅटरीवरचं इग्निशन आलं आणि १९१२ च्या मॉडेलला सेल्फ स्टार्टर, दिवे, चार्जिंग आणि इग्निशन एकत्र. त्या गाडीत स्टार्टर २४ व्होल्टवर फिरे आणि चार्जिंग व दिवे ६ व्होल्टवर चालत, म्हणजे स्विचची जोडणी किती गुंतागुंतीची असेल पाहा. मॅग्नेटोच्या गाडीत विजेचे भाग हाताच्या बोटांवर मोजता येत. या व्यवस्थेत डायनॅमो, कटआउट, अँमीटर, स्विच, जंक्शन ब्लॉक आले आणि प्रत्येकाला एक इन्सुलेटर लागला. तोही हजारोंच्या संख्येत, एकसारख्या मापाचा, आत पितळ बसवलेला. एबोनाईट इथे कमी पडलं.

साचा, पावडर, प्रेस, चाचणी, यांतलं जे ज्याला पक्कं माहीत आहे ते इथे लिहावं ही विनंती. आकडे द्या, ढोबळ सल्ले नकोत.

राळरसायन

एबोनाईट का कमी पडलं ते आधी.

१०० भाग नैसर्गिक रबराला ३० ते ५० भाग गंधक घालून १५०° च्या आसपास काही तास व्हल्कनाइज केलं की एबोनाईट होतं. नवं असताना विजेच्या दृष्टीने ते फारच उत्तम. पण ७०-८०° ला मऊ पडू लागतं आणि इंजिनाशेजारी तेवढं तापमान रोजचंच. दुसरं, उजेड आणि ओझोन लागला की पृष्ठभागावरचं गंधक ऑक्सिडाईज होतं आणि आम्लाचा पातळ थर धरतो. तो हवेतली ओल ओढतो आणि करंट पृष्ठभागावरून गळतो. हिरवट-तपकिरी पडलेलं एबोनाईट दिसलं की ते आतून ठणठणीत असलं तरी बाहेरून गळतं. तिसरं, गंधक तांब्या-पितळेला खातं, म्हणून आतल्या इन्सर्टला (साच्यातच बसवलेल्या धातूच्या तुकड्याला) कथिलाचा मुलामा द्यावा लागे. आणि साच्यात तासन्‌तास अडकून पडणं कारखान्याला परवडत नव्हतं. बेकेलाईटचा तुकडा काही मिनिटांत बाहेर येतो.

आता फिनॉल-फॉर्मल्डिहाइडचं, म्हणजे बेकेलाईटचं (फिनॉलिकचं). बेकेलँड यांनी तीन अवस्था सांगितल्या. ‘अ’ अवस्थेतली राळ वितळते आणि द्रावकात विरघळते. ‘ब’ तापवली की मऊ होते पण वितळत नाही, अ‍ॅसिटोनमध्ये फुगते पण विरघळत नाही. ‘क’ म्हणजे कायमची घट्ट. अभिक्रियेत पाणी सुटतं. उघड्यावर तापवलं तर त्याच्या वाफेने सगळा माल फेसाळतो. १००° च्या वर न्यायचं पण वाफेला फुगू द्यायचं नाही, यासाठीच दाब. पेटंटचा गाभा तोच आहे आणि साच्यातल्या निम्म्या दोषांचं मूळही तिथेच.

साचेकामाच्या पावडरी दोन जातींच्या असतात.

दोन टप्प्यांची, म्हणजे नोव्होलॅक: आम्लाच्या उत्प्रेरकाने, फॉर्मल्डिहाइड मुद्दाम कमी ठेवून बनवलेली राळ. ती एकटी घट्ट होत नाही. तिच्यात राळेच्या १० ते १५ टक्के हेक्सामिन घालतात, ते साच्यात फुटून क्युअर (राळ कायमची घट्ट होणं) पूर्ण करतं. स्वस्त, टिकाऊ, प्रेसवर सोपी. बाजारात बहुतेक हीच मिळते.

एका टप्प्याची, म्हणजे रेझोल: अल्कलीच्या उत्प्रेरकाने बनवलेली, हेक्सामिन नसलेली.

डिस्ट्रिब्युटरसाठी दुसरी मागा. हेक्सामिन फुटताना अमोनिया सुटतो, थोडा आतच राहतो आणि इंजिनाच्या उष्णतेत हळूहळू बाहेर येतो. बंद कॅपमध्ये तो पितळेला हिरवा थर आणतो. पितळ ताणाखाली असेल, उदाहरणार्थ रोटरची पत्ती किंवा दाबून बसवलेली बुश, तर बारीक तडे जाऊन ते तुटतं. पुरवठादाराला ‘अमोनिया-फ्री ग्रेड’ एवढंच सांगितलं तरी कळतं. साध्या टर्मिनल ब्लॉकला किंवा हॉर्नच्या बटनाला नोव्होलॅक चालेल.

भरणी: साध्या पावडरीत निम्म्याच्या आसपास लाकडाचा भुसा असतो. उच्च दाबाच्या विजेसाठी अभ्रकाची भरणी सरस, ओलही कमी शोषते. मात्र अभ्रकाचा भाग ठिसूळ असतो. कॅपच्या क्लिपचा कान पातळ असेल तर तो तिथेच तुटणार, म्हणून कानाची जाडी वाढवायला जागा आहे का ते आधी पाहा.

टूलरूम

साच्याबद्दल.

मूळ कॅपवरून माप घेताना जुन्या तुकड्याला चिकटून राहू नका. नव्वद वर्षं तापून तो आणखी आकसलेला असतो. माप घ्यायचं ते डिस्ट्रिब्युटरच्या लोखंडी बॉडीवरून: बसण्याची कड, खाचेचा कोन, शाफ्टचं मध्य आणि रोटरच्या टोकाचं वर्तुळ. कॅपवरून फक्त उंची, टॉवरची (तारा बसवायच्या उभ्या नळ्यांची) जागा आणि बाहेरचा आकार घ्या.

आकसणं ग्रेडप्रमाणे बदलतं. भुशाच्या पावडरीला ०.६ ते ०.८ टक्के धरा. ७५ मिमीच्या व्यासाला ०.७ टक्के म्हणजे साच्यात ७५.५३. पोस्ट-बेक (साच्याबाहेर भट्टीत पुन्हा भाजणं) करणार असाल तर आणखी ०.२ ते ०.३ टक्के जातं, तेही आधीच धरायला हवं. कॅप बॉडीवर डुलला तर रोटरची फट एका बाजूला वाढते, दुसरीकडे रोटर घासतो.

पोलाद पी-२० चालतं, पण पावडर खरखरीत असते. शंभराच्या वर तुकडे काढायचे असतील तर हार्डन केलेलं पोलाद घ्या आणि वर हार्ड क्रोम. पॉलिश ही कॅपच्या बाबतीत निव्वळ शोभेची गोष्ट नाही. साचा जितका गुळगुळीत, तितकी तुकड्यावरची राळेची साय सलग. धूळ आणि ओल तिच्यावर कमी धरते.

बाजूंना दर बाजूला १° उतार, टॉवरच्या आतल्या पिनांना अर्धा ते एक. पंच (साच्याचा आत शिरणारा भाग) आणि कॅव्हिटी (तुकड्याच्या आकाराची पोकळी) यांमध्ये दर बाजूला ०.०५ ते ०.०८ मिमी फट, त्यातून जादा माल आणि वायू निघतो. आतल्या कोपऱ्यांना निदान १ मिमी त्रिज्या. टोकदार कोपऱ्यातून तडा सुरू होतो आणि ठिणगीलाही टोकच आवडतं.

इन्सर्ट हा सगळ्यात त्रासाचा भाग. पितळ तापमानामागे साधारण १९, भुशाचं फिनॉलिक ३० ते ४५ (दशलक्षांश प्रति अंश) प्रसरण पावतं. म्हणजे थंड होताना प्लास्टिक पितळेला आवळतं. भोवती भिंत बारीक असेल तर काही दिवसांनी, कधी कधी पहिल्याच उन्हाळ्यात, उभी चीर पडते. ६ मिमीच्या इन्सर्टभोवती किमान ४.५ मिमी माल ठेवा. नर्लिंग (इन्सर्टवरचे पकडीचे दाते) बारीक आणि बोथट हवं. खोल, धारदार नर्लिंगच्या प्रत्येक दातातून चीर निघते. बसवण्याआधी इन्सर्ट साच्याच्या तापमानाला नेऊन ठेवा.

आणि शक्य असेल तर कॅपसाठी ट्रान्सफर साचाच करा. साध्या कॉम्प्रेशन साच्यात घट्ट पावडर आडवी ढकलली जाते, टॉवरच्या पिना वाकतात आणि सहातला एखादा इन्सर्ट तिरका होतो. ट्रान्सफरमध्ये माल आधी भांड्यात मऊ होऊन मग बारीक वाटेने आत येतो. भांडं साच्यातच असेल तर त्याचं क्षेत्रफळ कॅव्हिटी आणि रनर (माल आत नेणारी वाट) मिळून जेवढं होईल त्याच्या किमान ११० टक्के ठेवा. नाहीतर प्रेसच्या दाबाने साचाच उघडतो आणि कॅपच्या कडेला कागदासारखा फ्लॅश (फटीतून बाहेर आलेला जादा माल) येतो.

सहा_सिलिंडर

माहिती फार उपयोगाची आहे, पण शंका विचारतो. मला फक्त दोन कॅप आणि तीन रोटर हवे आहेत. पोलादाचा साचा त्यासाठी परवडत नाही. मूळ कॅपवर सिलिकॉन रबरचा साचा घेऊन त्यात काळी राळ ओतली तर?

राळरसायन

@सहा_सिलिंडर, होऊ शकतं, पण राळ कोणती यावर सगळं आहे.

पॉलियुरेथेनची झटपट राळ नको. तिच्यातल्या बऱ्याच प्रकारांचा आकार ७०-८०° लाच सुटतो. म्हणजे एबोनाईट सोडून पुन्हा एबोनाईटच्याच अडचणीत. खोलीच्या तापमानाला जमणारं साधं इपॉक्सीही तसंच. इपॉक्सी घ्यायचं तर अनहायड्राइड हार्डनरचं, भट्टीत क्युअर होणारं, ज्याचं काच-संक्रमण तापमान (ग्लास ट्रान्झिशन, ज्याच्या वर राळ मऊ पडते) १२०° च्या वर आहे असं. राळेच्या १०० भागांना १०० ते १५० भाग कोरडी सिलिका पीठ घाला. त्याने आकसणं आणि प्रसरण दोन्ही कमी होतं, इन्सर्टभोवतीचे तडे टळतात. सिलिका आधी १२०° ला दोन तास वाळवा. मिसळल्यावर व्हॅक्यूममध्ये बुडबुडे काढा, ओतल्यावर पुन्हा एकदा काढा. आत राहिलेल्या बुडबुड्यात उच्च दाबाखाली सूक्ष्म ठिणग्या होतात आणि महिनोन्‌महिने राळ आतून पोखरली जाते. बाहेरून काही दिसत नाही, एक दिवस आरपार भोक पडतं.

रंगाचं सगळ्यात महत्त्वाचं: काजळी म्हणजे कार्बन ब्लॅक घालू नका. तो वाहक आहे. काळा आयर्न ऑक्साईडही टाळा. फिनॉलिक पावडरीत काळ्या रंगासाठी निग्रोसिन वापरत आले आहेत, तेच घ्या. किंवा रंगच नको, राळेचा मूळ पिवळट रंग राहू द्या.

सिलिकॉनचा साचा तापवल्यावर फुगतो. ८० ते १००° ला पहिलं घट्ट होणं होऊ द्या, तुकडा साच्यातून काढा आणि पुढचं क्युअर साच्याबाहेर करा.

रोटर मात्र ओतीव करू नका. तो फिरतो, त्याची पत्ती घासते, रिव्हेटचा ताण असतो. गोल रॉडमधून मशीन केलेला रोटर ओतीवपेक्षा नक्की टिकतो. रॉड कापडाच्या थरांचा न घेता काच-इपॉक्सीचा घ्या. कापडाच्या थरांत ओल धाग्यांवाटे आत शिरते.

प्रेसघर

आता प्रेस. उदाहरणाला ७५ मिमीचा कॅप घेतो, घनफळ ६० घन सेंमी.

माल: घनता १.४ धरली तर ८४ ग्रॅम. ५ टक्के जादा, म्हणजे ८८ ग्रॅम. हे कॉम्प्रेशनसाठी, ट्रान्सफरला रनर आणि भांड्यात उरणारी चकती वेगळी धरा. दर वेळी तोलून घ्या, मापटं भरून नको, कारण पावडरीचा पोकळपणा गोणीगणिक बदलतो. सैल पावडर तयार तुकड्याच्या अडीच-तीन पट जागा खाते. कॅव्हिटीच्या वर तेवढी भरणीची जागा टूलरूमवाल्यांनी ठेवली नसेल तर गोळ्या दाबून घ्याव्या लागतील.

टनेज: ७५ मिमीचं क्षेत्रफळ ४४ चौ. सेंमी. दाब ३०० किलो प्रति चौ. सेंमी धरला तर १३ टनांच्या थोडं वर. टॉवर खोल आहेत, म्हणून २० ते २५ टनांचा प्रेस घ्या. १५ टनाच्या हातपंपावर होईल असं वाटतं, पण टॉवरची टोकं भरत नाहीत.

तापमान: १६० ते १६५°, दोन्ही अर्ध्यांचं वेगळं मोजा. थर्मोकपल कॅव्हिटीपासून १० मिमीच्या आत हवा. प्लॅटनचा (प्रेसच्या तापणाऱ्या पाटाचा) आकडा आणि साच्याचा आकडा यांत १५° चा फरक सहज असतो. सुरुवातीच्या काळात हे सगळं वाफेवर होई: ७ बार गेजच्या वाफेला साधारण १७०° मिळतात. हाताने उचलायचे साचे, वाफेचे प्लॅटन, पाण्याच्या दाबाचे प्रेस. न्यू जर्सीतल्या बूंटन गावी रबराचं साचेकाम होतं आणि बेकेलाईटचं सुरुवातीचं साचेकाम करणाऱ्यांत बूंटन रबर कंपनीचं नाव येतं, ते उगीच नाही. प्रेस, वाफ, साचे आणि सवय, सगळं तिथे तयार होतं.

क्रम असा:

पावडर पातळ थरात पसरून ९५° ला १० ते १५ मिनिटं ओव्हनमध्ये. जास्त वेळ ठेवली तर ती ट्रेमध्येच ‘ब’ अवस्थेकडे सरकते आणि वाहत नाही. आरएफ (रेडिओ लहरींनी तापवणारा) प्रीहीटर असेल तर गोळ्यांना मिनिटाच्या आत पुरतं.

साच्याला मेण किंवा झिंक स्टिअरेट अगदी पुसट. सिलिकॉन स्प्रे नको, पुढे वार्निश चिकटत नाही.

इन्सर्ट पिनांवर बसवा, खालपर्यंत गेले का ते पाहा. पाव मिलीमीटर वर राहिला तरी खालून राळ शिरून आटे भरतात.

माल घाला. साचा बंद होईपर्यंत वेगाने, माल लागल्यावर सावकाश. घालण्यापासून पूर्ण दाबापर्यंत १५ सेकंदांच्या वर जाऊ देऊ नका.

कॉम्प्रेशनला ब्रीदिंग: पूर्ण दाबानंतर ५ ते १० सेकंदांनी प्रेस १-२ मिमी उघडा, दोन सेकंद, पुन्हा बंद. या वेळी तोंड जवळ नेऊ नका. वाफ, फिनॉल, फॉर्मल्डिहाइड, नोव्होलॅक असेल तर अमोनियाही बाहेर येतो. एक्झॉस्ट पंखा प्रेसच्या मागे नको, प्रेसच्या तोंडावर हवा. ट्रान्सफरला ब्रीदिंग नसतं, तिथे व्हेंट लागतात.

क्युअर: प्रीहीट केलेला माल, सगळ्यात जाड जागा १० मिमी, तर तीन ते चार मिनिटं. वेळ जाड जागेवरून ठरवा. भिंत ५ मिमीची आहे म्हणून दोन मिनिटांत काढलं तर इन्सर्टभोवतीचा माल कच्चा राहतो, आणि विजेला नेमकी तीच जागा सांभाळायची असते.

बाहेर काढल्यावर कॅप गरम असतानाच गोल जिगवर बसवून थंड करा. दोन अर्ध्यांच्या तापमानात ५° चा फरक असला तरी कड अंडाकृती होते.

पोस्ट-बेक: १२०° ला दोन तास, १५०° ला दोन, १७०° ला दोन. थेट १७०° ला टाकलं तर आत अडकलेलं पाणी फोड आणतं.

काय बिघडतं:

फोड दिसले तर आधी ठिकाण पाहा. साचा उघडताच मोठा फोड, दाबला तर मऊ, म्हणजे कच्चा क्युअर. वेळ वाढवा. टॉवरच्या टोकाशी बारीक छिद्रं आणि जळकट डाग म्हणजे अडकलेला वायू. वेळ वाढवून उपयोग नाही, तिथे ०.०५ मिमी खोल व्हेंट काढा.

टॉवर अर्धवट भरला की सगळे माल वाढवतात. बहुतेक वेळा माल पुरेसा असतो, पण टॉवरपर्यंत पोचायच्या आधीच घट्ट झालेला असतो. आधी साचा ५° ने उतरवा आणि बंद करण्याचा वेग वाढवा. फ्लॅश जाड आणि टॉवर अर्धा असं एकाच तुकड्यात दिसलं तर हेच कारण.

साच्याला चिकटणं हे कच्च्या क्युअरचं लक्षण आहे, मेण वाढवून ते झाकू नका.

क्युअर पक्कं झालं का हे पाहायला रनरचा किंवा टाकाऊ कॅपचा तुकडा उकळत्या अ‍ॅसिटोनमध्ये दहा मिनिटं ठेवा. फुगला, मऊ झाला, नखाने ओरखडा गेला तर कच्चा. अ‍ॅसिटोन पेट घेतं, त्यामुळे उघडी ज्योत नको, गरम पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवून उघड्या जागी करा.

कॉम्पोझिट

एवढं सगळं फिनॉलिकसाठी कशाला? काच भरलेलं पॉलिएस्टर, म्हणजे डीएमसी, घ्या. प्रेस तोच, साचा तोच, अमोनिया नाही, पाणी सुटत नाही. आणि ट्रॅकिंगला (पृष्ठभागावर करंटची जळकी वाट पडण्याला) फिनॉलिकपेक्षा कितीतरी चांगलं. फिनॉलिकचा सीटीआय (ट्रॅकिंग किती व्होल्टपर्यंत सोसतं तो आकडा) १२५ ते १७५ व्होल्टच्या आसपास, डीएमसीचा ६०० सहज. मूळ कारखान्यांकडे ते असतं तर त्यांनीही तेच वापरलं असतं.

मॅग्नेटो

@कॉम्पोझिट, वीज एवढंच बघायचं तर तुमचं म्हणणं मान्य. रोज चालणाऱ्या गाडीला मीही डीएमसी सुचवेन. पण साचा तोच चालेल हे पटत नाही. डीएमसीचं आकसणं निराळं, बहुतेक ग्रेडमध्ये ०.२ टक्क्याच्या खाली. ०.७ साठी कापलेल्या साच्यातून ७५ चा कॅप जवळपास अर्धा मिलीमीटर मोठा येईल आणि बॉडीवर डुलेल. साचा कापण्याआधीच मटेरियल ठरवा.

ज्यांची गाडी मूळ अवस्थेत जपायची आहे त्यांच्यासाठी फिनॉलिकला पर्याय नाही. तो रंग, ती चमक, घासल्यावर येणारा कार्बोलिकचा (फिनॉलचा) वास, त्या काळाची ही साक्ष जपावी असं मला मनापासून वाटतं.

कॉईलवाला

सीटीआयचा मुद्दा निघाला म्हणून विजेची बाजू मांडतो.

फिनॉलिकची जाडी फुटून करंट गेला असं कमी वेळा होतं. भुशाच्या ग्रेडची विद्युतरोधकता बारीक नमुन्यावर १० हजार व्होल्ट प्रति मिमीच्या आसपास, तापल्यावर बरीच कमी. तरी ४ मिमी भिंत ठेवली तर १५ हजार व्होल्टला पुरते. फिनॉलिक हरतं ते पृष्ठभागावर. एकदा ठिणगी सरपटली की राळ जळून कार्बन होते आणि कार्बन वाहक. पुढची ठिणगी त्याच रेघेने जाते आणि रेघ लांबते. म्हणून या मटेरियलमध्ये पहिली ठिणगी सरपटूच नये अशी रचना करायची.

समजा इन्सर्टचं वर्तुळ ५० मिमीचं. परीघ १५७. चार सिलिंडरला दोन इन्सर्टच्या मध्यांत ३९ मिमी, सहाला २६, आठाला जेमतेम २०. त्यातून इन्सर्टची ६ मिमी रुंदी वजा केली तर सहाला २० उरतात आणि आठाला १४. स्वच्छ, कोरड्या पृष्ठभागावर १४ पुरतील, पण कार्बनच्या ब्रशची धूळ बसल्यावर नाही. म्हणून आठ सिलिंडरचे कॅप मोठे असतात आणि इन्सर्टच्या मधे उंचवटे असतात. साचा सोपा व्हावा म्हणून हे उंचवटे गाळू नका. ३ मिमी उंचीची एक फासळी वाट ६ मिमीने वाढवते.

कॅपची हवेची भोकंही बुजवू नका. प्रत्येक ठिणगीबरोबर ओझोन आणि नायट्रोजनची ऑक्साईडं होतात, दमट हवेत त्यांचं नायट्रिक आम्ल होतं. बंद कॅपमध्ये ते पितळ आणि पृष्ठभाग दोन्ही खातं.

सुरुवातीच्या काही डेल्को डिस्ट्रिब्युटरमध्ये रोटरचं बटन कॅपच्या आतल्या पट्ट्यावर घासत फिरे, ठिणगी फटीतून उडी मारत नसे. तिथे पट्टा आणि इन्सर्ट एका पातळीत असायलाच हवेत. मोल्ड झाल्यावर लेथवर हलका कट घेऊन पॉलिश करा आणि व्हॅसलिनचं अगदी पुसट बोट फिरवा. उडीच्या रोटरला मात्र व्हॅसलिन अजिबात नको, तिथे ०.६ मिमीच्या आसपास फट ठेवा.

चाचणी:

मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) १००० व्होल्टला शेजारच्या दोन इन्सर्टमध्ये मोजा. कोरडा कॅप १००० मेगओहमच्या वरच हवा. मग पाण्याच्या भांड्यावर झाकणाखाली २४ तास ठेवून, पुसून पुन्हा मोजा. १०० च्या खाली गेला तर साय सलग नाही किंवा क्युअर कच्चं आहे. कोकणात पावसाळ्यात गाडी सुरू होईल का, हे या दुसऱ्या आकड्यावरून कळतं.

मग गाडीची कॉईल जोडून अंधारात पाहा. दोन सुयांमध्ये १० मिमी फट ठेवली तर १२ हजार व्होल्टच्या आसपास उडते. तेवढ्या दाबाला कॅपवर निळी सळसळ दिसू नये. एक हात खिशात ठेवायचा, धातूच्या टेबलावर हे करायचं नाही.

रोटरची तपासणी गाडीवरच: कॅप काढा, कॉईलची जाड तार रोटरच्या पत्तीपासून ५ मिमीवर धरा, तीही इन्सुलेटेड चिमट्याने, आणि पॉईंट (डिस्ट्रिब्युटरमधले कॉईलचा करंट तोडणारे संपर्क) उघडा-मिटा. पत्तीवर सलग ठिणगी उडाली तर रोटर आरपार फुटून शाफ्टला लागला आहे. अशा रोटरला बाहेरून एक सुईएवढा डाग सोडून काही दिसत नाही.

सहा_सिलिंडर

दोन प्रश्न. जुन्या कॅपवर कार्बनची रेघ आहे, ती खरवडून चालेल का? आणि एक जुना तपकिरी, खडबडीत रोटर आहे, तो ड्रिल करून रिव्हेट बदलायचा विचार आहे.

कॉईलवाला

रेघ वरून पुसून जात नाही, ती आत मुरलेली असते. व्ही आकाराची खाच कोरून पूर्ण काळेपणा काढला, अ‍ॅसिटोनने पुसलं, अनहायड्राइड इपॉक्सीने भरलं आणि भट्टीत क्युअर केलं तर घरी पोचण्यापुरतं चालतं. कायमचा इलाज नाही.

राळरसायन

त्या तपकिरी रोटरला ड्रिल लावू नका. उष्णता सोसण्यासाठी त्या काळात अ‍ॅसबेस्टॉसची भरणी सर्रास वापरत. फुटलेल्या कडेला राखाडी-पांढरे तंतू दिसले तर संशय धराच. त्याची धूळ फुप्फुसाला कायमची इजा करते. पिशवीत बंद करा, माप बाहेरून घ्या, नवा बनवा.

मटेरियल ओळखायचं असेल तर न दिसणाऱ्या जागी तापलेली सुई टेकवा. एबोनाईट मऊ होतं आणि गंधकाचा वास येतो. शेलॅक वितळतं, लाखेचा वास. फिनॉलिक वितळत नाही, कार्बोलिकचा वास येतो. तंतू दिसणाऱ्या भागाला सुईसुद्धा नको.

आणखी एक, ड्रिलबद्दलच. कोणत्याही फिनॉलिकला भोक पाडलं की राळेची साय फुटते आणि आतला भुसा उघडा पडतो, मग तो ओल पितो. नवं भोक असो वा घासलेला फ्लॅश, त्या कडेवर भट्टीत वाळणारं इन्सुलेटिंग वार्निश लावा. लावण्याआधी तुकडा १०५° ला तासभर वाळवा, नाहीतर ओल आतच कोंडली जाते.

वर्कशॉप_सांगली

पावडर २५ किलोच्या गोणीत मिळते. ८८ ग्रॅमच्या हिशोबाने २८० च्या वर कॅप होतील, एवढे कोणाला नको. उरलेली किती दिवस टिकते?

प्रेसघर

एकट्याने घेऊ नका. ज्यांना टर्मिनल ब्लॉक, स्विच, रोटर करायचे आहेत त्यांनी मिळून घ्या, ग्रेड एकच चालते. पुरवठादारांकडे उरलेल्या फुटक्या गोण्या असतात, विचारून पाहा, फक्त ग्रेड आणि बॅचचा कागद मागून घ्या.

साठवण २५° च्या खाली, कोरडी, झाकण घट्ट. रेझोलची पावडर नोव्होलॅकपेक्षा लवकर म्हातारी होते, कारण ती थंडीतही हळूहळू पुढे सरकत असते. वापरण्याआधी वाहण्याची चाचणी घ्या: २० ग्रॅम पावडर १६०° च्या दोन सपाट प्लेटमध्ये ठरावीक दाबाखाली मिनिटभर दाबा आणि चकतीचा व्यास मोजा. गोणी नवी असताना एकदा हाच व्यास लिहून ठेवा. पुढे तो १०-१५ टक्क्यांनी कमी आला तर त्या पावडरीतून टर्मिनल ब्लॉक काढा, कॅप काढू नका. गठ्ठे झालेली, बोटात न चुरणारी पावडर दळून पुन्हा वापरायच्या भानगडीत पडू नका, ती साच्यात वाहणार नाही.